पडेल तिथून खेळायचं : गोल्फ सुधारण्याचे साधे उपाय

(पालघर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय बाहेरच्या फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला दारातच अडवलं. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानवाले, आणि गोल्फ?" त्यांचं बरोबर आहे. आयुष्यभर वर्गात खडू धरला, अठ्ठावीस वर्षं बोईसर ते मुंबई अप-डाउन केलं. खेळ म्हणाल तर गाडीत चौथी सीट मिळवणं, एवढाच. गोल्फचा क्लब हातात घेतला तेव्हा मला एकसष्टावं वर्ष लागलं होतं. आता पंचाहत्तरी आली. म्हणजे मी काही उत्तम खेळाडू नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण वाईट खेळणारा माणूस थोडा बरा कसा होतो, हे मला अनुभवाने माहीत आहे. आणि आजचा विषय तेवढाच आहे.

तुमच्यात काही तरुण आहेत, तारापूर एमआयडीसीत नोकरी करणारे. कंपनीच्या कामासाठी एखाद्या गिऱ्हाइकाने गोल्फला बोलावलं की त्यांची पंचाईत होते. काही माझ्यासारखे निवृत्त आहेत, ज्यांना डॉक्टरांनी 'चाला' म्हणून सांगितलंय आणि नुसतं चालायचा कंटाळा येतो. आणि काही परदेशातून ऑनलाइन ऐकणारे आहेत, त्यांच्या घराशेजारी कोर्स असतो. तिघांनाही उपयोग होईल असं बोलायचा प्रयत्न करतो.

आधी एक शंका दूर करू. "हा श्रीमंतांचा खेळ." खोटं नाही. आपल्याकडे तो साहेबाबरोबर आला. कोलकात्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ चा. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. सभासदत्व आपल्या खिशाला परवडणारं नाही. पण त्याच चेंबूरमध्ये, कोर्सच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत, लोखंडी सळई वाकवून क्लब करतात आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीबोळात गोल्फ खेळतात. ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आलेली आहे. खेळणारे बरेचसे कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या उचलणारी मुलं. खेळ भिंतीच्या आत राहत नाही तो असा.

माझे गुरू याच भागातले. आमचे शेजारी. मी त्यांना भाऊ म्हणतो, ते मला सर म्हणतात. लहानपणी शाळा सुटल्यावर सात-आठ वर्षं त्यांनी पिशव्या उचलल्या. पुढे आयटीआय केलं, तारापूरला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी निवृत्त होऊन घरात बसलो तेव्हा एक दिवस ते एक जुनं सात नंबरचं आयर्न घेऊन आले आणि म्हणाले, "सर, संध्याकाळी ओहोटी आहे. चला चिंचणीला." तिथून हे सगळं सुरू झालं.

आता मुख्य विषय.

मागच्या वेळी इथे आपण गीतेचा अठरावा अध्याय पाहिला होता. त्यात एक जागा आहे, जिथे कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं म्हटलंय. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. शंकराचार्य अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ घेतात. बाकीचे शब्द मी आज जरा सैलपणे वापरणार आहे, पंडितांनी रागावू नये. मला एवढंच सांगायचंय, की गोल्फच्या प्रत्येक फटक्यात ही पाच कारणं अगदी वेगवेगळी दिसतात. फटका चुकला की आपण भलत्याच कारणाला दोष देतो, आणि सुधारणा तिथेच थांबते. क्रिकेटमध्ये बोलर असतो, त्याच्यावर ढकलता येतं. इथे चेंडू स्थिर. कोणी टाकत नाही, कोणी अडवत नाही. आपण आणि तो.

एकेक कारण घेऊ.

पहिलं : अधिष्ठान, म्हणजे उभं राहणं

नवख्या माणसाचे अर्धे फटके क्लब हलायच्या आधीच चुकलेले असतात. कारण तो चुकीच्या दिशेला तोंड करून उभा असतो.

बोईसर स्टेशनचे रूळ डोळ्यांसमोर आणा. दोन रूळ, समांतर. चेंडू पलीकडच्या रुळावर आहे आणि तो रूळ सरळ झेंड्याकडे जातोय. तुमचे पाय अलीकडच्या रुळावर. म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याची पावलं, गुडघे, खांदे झेंड्याकडे रोखलेले नसतात, झेंड्याच्या थोडं डावीकडे असतात. आपण काय करतो? खांदाच झेंड्याकडे रोखतो. मग क्लबचं तोंड उजवीकडे जातं, आणि ते सावरायला हात वळतात. पुढे सगळी दुरुस्तीवर दुरुस्ती.

उपाय सोपा आहे. चेंडूच्या मागे उभं राहून झेंडा पाहा. त्या रेषेवर चेंडूच्या पुढे हात-दीड हातावर काहीतरी निवडा. वाळलेलं पान, गवताचा पिवळा ठिपका. दोनशे पावलांवरच्या झेंड्यावर नेम धरण्यापेक्षा दीड हातावरच्या पानावर नेम धरणं सोपं. आधी क्लबचं तोंड त्या पानाकडे लावा, मग पावलं ठेवा. हा क्रम उलटा करू नका.

पावलांत खांद्याएवढं अंतर. कमरेतून वाका, पाठीतून नव्हे. हात खांद्यापासून सैल लोंबू द्यात, ते जिथे येतील तिथे क्लब धरायचा. आमच्या वयाच्या मंडळींनी गुडघे किंचित सैल ठेवावेत. ताठ गुडघ्यांनी फिरलात की कंबर बोलते.

दुसरं : कर्ता, म्हणजे ठरवणारा

सगळ्यात साधा आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा नियम असा : विचार चेंडूच्या मागे करायचा, चेंडूपाशी नाही. मागे उभं असताना वारा बघा, अंतर बघा, क्लब निवडा, शंका काढा. एकदा चेंडूपाशी आलात की निर्णय झालेला असला पाहिजे. तिथे उभं राहून "सात घेऊ की आठ?" सुरू झालं, तर परत मागे जा. लाज वाटू देऊ नका.

आणि प्रत्येक फटक्याआधी तेच करा. मागे उभं राहणं, एक श्वास, पान निवडणं, क्लब, पावलं, एकदा झेंड्याकडे नजर, फटका. रोज पूजा करणाऱ्याचा हात आपोआप ताम्हनाकडे जातो, तसं. सवय बसली की घाबरायला फुरसत मिळत नाही.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. एकदा कधीतरी चिंचणीला माझ्या सात नंबरने चेंडू एकशे तीस पावलं गेला होता. त्या दिवसापासून मी धरून चाललो, की माझं सात नंबर म्हणजे एकशे तीस. मग कोर्सवर माझा प्रत्येक चेंडू ग्रीनच्या अलीकडे, वाळूच्या खड्ड्यात. भाऊ म्हणाले, "सर, तुमचा सगळ्यात चांगला फटका हा तुमचा फटका नाही. दहा मारा, मधला धरा." दहा मारले. मधला निघाला एकशे पाच.

तुम्हीही हे करा. प्रत्येक क्लबचा मधला फटका किती जातो ते लिहून ठेवा, आणि शंका असेल तेव्हा एक क्लब मोठा घ्या. खड्डे आणि पाणी बहुधा ग्रीनच्या अलीकडे असतात. नेम झेंड्यावर नको, ग्रीनच्या मध्यावर धरा. झेंडा बऱ्याचदा मुद्दाम कडेला, अडचणीत लावलेला असतो. तो बोलावतो, आपण जायचं नाही.

तिसरं : करण, म्हणजे साधन

नियमाने जास्तीत जास्त चौदा क्लब बाळगता येतात. सुरुवातीला चार पुरतात. सात नंबरचं आयर्न, वाळूतून आणि जवळून उचलायला एक वेज, लांब मारायला एक हायब्रिड आणि ग्रीनवरचा पटर. वापरलेले घ्या. पैसे उरले तर शिकवणीला द्या. ड्रायव्हर पहिल्या वर्षी घरीच ठेवा.

आयर्नवरचा आकडा वाढेल तसं त्याचं तोंड जास्त आकाशाकडे असतं, चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. म्हणजे उचलण्याचं काम क्लबमध्येच करून ठेवलेलं आहे. तुम्ही उचलायला जाऊ नका. नवखा माणूस चेंडूखाली क्लब घालून तो वर फेकायला बघतो. मग क्लब आधी जमिनीत रुततो, नाहीतर चेंडूच्या डोक्यावर बसतो.

आता पकड. क्लब तळव्यात नाही, बोटांत धरायचा. आणि किती घट्ट? आपल्याकडे डहाणू-घोलवडचा चिकू आहे. पिकलेला चिकू हातात घ्या. दाबलात तर बोट आत जाईल, सोडलात तर पडेल. तेवढ्याच दाबाने धरा. घट्ट धरलं की मनगट आखडतं, मग कोपर, मग खांदा, आणि क्लब फिरायच्या ऐवजी ढकलला जातो. फटका मारायच्या आधी मी आजही मनात 'चिकू' म्हणतो. हसू नका, उपयोग होतो.

आणि क्लबवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर बदलून घ्या. खर्च थोडा, फरक मोठा. गुळगुळीत रबर माणसाला घट्ट धरायला लावतं.

चौथं : चेष्टा, म्हणजे प्रत्यक्ष हालचाल

सातपाटीला खाडीत पाग टाकणारा कोळी पाहिलाय? पाग म्हणजे फेकायचं जाळं. तो हाताने फेकत नाही. कंबर आधी वळते, मग खांदा, आणि हात शेवटी नुसते सुटतात. म्हणून जाळं गोल उघडतं. जोर लावून हाताने फेकलं तर गोळा होऊन पडतं. गोल्फचा स्विंग हाच. पाठ झेंड्याकडे होईपर्यंत वळा, मग कमरेपासून परत उलगडा. शेवटी पोट झेंड्याकडे, वजन पुढच्या पायावर, मागचा पाय अंगठ्यावर. त्या स्थितीत तीन मोजेपर्यंत तोल राहिला तर स्विंग बरा झाला. तोल गेला तर जोर जास्त झाला.

वेग कसा? झोका आठवा. वर जाताना सावकाश, टोकाला क्षणभर थांबल्यासारखा, आणि खाली येताना आपोआप वेग घेतो. खाली ढकलायची घाई केलीत की लय मोडली. वर नेताना मनात 'एक-दोन-तीन' आणि खाली येताना 'चार', एवढं पुरे.

आता चिंचणीच्या वाळूचा धडा. गोल्फ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाढला तोही अशाच जमिनीवर, समुद्र आणि शेती यांच्यामधल्या वाळवट पट्ट्यात. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू ही फुकटची शाळा आहे. काठीने एक रेघ ओढा. चेंडू नको. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून नुसता क्लब फिरवा आणि वाळूवरची खूण बघा. ती रेघेच्या आधी सुरू झाली, तर तुम्ही चेंडूच्या मागे जमीन खणताय. रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, झेंड्याच्या बाजूला उमटली, तर बरोबर. आयर्नने आधी चेंडू, मग जमीन. रोज वीस खुणा. वाळू खोटं बोलत नाही.

एक ताकीद मात्र. किनाऱ्यावर खरा चेंडू मारायचा नाही. तो जवळजवळ शेहेचाळीस ग्रॅमचा आणि टणक असतो, डोक्याला लागला तर जीव जाऊ शकतो. भोकांचा हलका प्लॅस्टिक चेंडू मिळतो, तो वापरा, आणि माणसं नसतील अशी वेळ निवडा. एकशे तीसचा जो किस्सा सांगितला, तो माझा अविचार होता. किनारा रिकामा होता म्हणून निभावलं. भाऊंनी नंतर मला झापलं.

कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये, नियम उलटा. तिथे ग्रीनजवळ असाल तर चेंडूला मारायचंच नाही. चेंडूच्या दोन बोटं मागे वाळूत क्लब घाला आणि पुढे पूर्ण काढा. वाळू उडते, चेंडू तिच्यावर बसून बाहेर येतो. मध्येच थांबलात की चेंडू तिथेच. फटक्याआधी चेंडूच्या लगत वाळूला क्लब टेकवू नका, दंड बसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हिशेब बघा. अठरा होलच्या कोर्सचा पार बहुधा बहात्तर. त्यात प्रत्येक ग्रीनवर दोन फटके गृहीत धरलेले असतात, म्हणजे छत्तीस. निम्मे! आणि आपण सराव कशाचा करतो? लांब मारण्याचा. कारण तो दिसतो, आवाज येतो, लोक बघतात. सरावाचा दोन तृतीयांश वेळ शेवटच्या पन्नास पावलांना द्या.

घरात सतरंजीवर एक फुलपात्र आडवं ठेवा. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, फुलपात्राचं तोंड त्याहून लहान. घरी फुलपात्रात जाऊ लागला की कोर्सवरचं भोक परातीएवढं वाटतं. तीन पावलांवरून सलग दहा जाईपर्यंत चहा नाही. मारल्यावर मान उचलायची नाही, आवाज कानाने ऐकायचा. लांबून मारताना दिशेपेक्षा अंतराची काळजी करा. दिशा एका हाताने चुकते, अंतर चार हातांनी चुकतं. आणि ग्रीनच्या कडेवर असाल, गवत आखूड असेल, तर चेंडू उडवू नका, पटरनेच घरंगळत न्या. दिसायला बावळट, पण फटका वाचतो.

पाचवं : दैव

इथे मला जरा थांबायचंय.

चांगला मारलेला चेंडू दगडावर आपटून झाडीत जातो. वाईट मारलेला झाडावर आपटून ग्रीनवर येतो. वारा, उसळी, गवताची लव. यावर तुमचा अधिकार नाही. या खेळाचा मूळ नियम त्यावरच उभा आहे : चेंडू पडेल तिथून खेळायचं. तो सरकवायचा नाही. नियमपुस्तकात काही सवलती आहेत, त्या सोडून. आणि हा एक खेळ असा, की बहुतेक वेळा पंच जवळ नसतो. दंड स्वतःच स्वतःला लावायचा असतो.

१९२५ ची यूएस ओपन. बॉबी जोन्स नावाचा मोठा खेळाडू. गवतात चेंडूपाशी उभा राहिला आणि त्याला वाटलं, चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःहून एक फटका दंड घेतला. शेवटी बरोबरी झाली, आणि प्ले-ऑफमध्ये तो विली मॅकफार्लेनकडून हरला. तो एक फटका घेतला नसता तर बरोबरीच झाली नसती.

ही गोष्ट मी वर्गात नीतिशास्त्राचं उदाहरण म्हणून सांगत असे. आता माझी सांगतो.

ऑक्टोबरातली सकाळ होती. वसई-दिवा मार्गे गाडी धरून आम्ही खारघरच्या सिडकोच्या कोर्सवर गेलो होतो. भाऊ आणि मी. हरेल त्याने मिसळ द्यायची. भाऊंना मी तेव्हा कधीच हरवलेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचा गुडघा दुखत होता आणि मी बरा खेळत होतो. शेवटून तिसऱ्या होलवर माझा चेंडू झाडाच्या मुळाला टेकून थांबला. भाऊ पलीकडे पाठमोरे. मी बुटाच्या टोकाने चेंडू वीतभर सरकवला. नीतिशास्त्र शिकवणारा मी.

एका फटक्याने जिंकलो. भाऊंनी हात मिळवला, मिसळ दिली, वर ताक दिलं. मला ती गिळवेना.

त्यानंतर मी गोल्फ टाळू लागलो. कधी पाठ दुखते, कधी पाहुणे आलेत. दोन महिने गेले. आणि गंमत बघा, या दोन महिन्यांत घरी फुलपात्रात मारतानाही माझा हात कापू लागला. आधी कधी कापत नव्हता. शेवटी एक दिवस त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि सांगून टाकलं.

भाऊ सुपारी कातरत होते. म्हणाले, "सर, मी सात-आठ वर्षं कॅडी होतो. चेंडू कुठे पडलाय ते बघायचं, एवढंच माझं काम होतं."

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?" म्हणाले, "ते तुम्ही बोलायचं असतं." थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या कामात मीटरचा काटा चुकीचा असतो कधीकधी. चालतं. चुकलाय हे माहीत असलं म्हणजे झालं. पण कोणी हाताने काटा नीट जागेवर नेऊन ठेवला, तर मग प्लांट कशाच्या जोरावर चालवायचा?" आणि मग, "मिसळीचे पैसे द्या."

दिले. व्याजासकट, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्यांनाही मिसळ.

मंडळी, काट्याचं हे वाक्य मी चाळीस वर्षं वाचलेल्या ग्रंथांच्या शेजारी ठेवतो. प्रामाणिकपणा हा सद्गुण आहे म्हणून पाळा, असं आपण मुलांना सांगतो. भाऊंनी मला त्याचा उपयोग सांगितला. खोट्या आकड्यावर सुधारणा करता येत नाही. चेंडू मुळाशी का गेला? मी खांदा चुकीचा लावला होता म्हणून. ते पहिलं कारण. चेंडू सरकवल्यावर ते कारणच पुसलं गेलं. दैवाची चूक मी दुरुस्त केली असं मला वाटलं. प्रत्यक्षात अधिष्ठानाची चूक लपवली.

त्यानंतर मी वही केली. प्रत्येक होलला चार आकडे. एकूण फटके, पटरचे फटके, दंडाचे फटके, आणि 'मला वाटलं होतं त्याहून कमी गेलेले' फटके. पहिल्या दिवशी एकूण एकशे अठरा. त्यात पटरचे सेहेचाळीस! आणि मी ड्रायव्हर घ्यायच्या विचारात होतो. वही नसती तर घेतलाही असता. वर्षभरात मी एकशे चारवर आलो. लांब एक पाऊलभरही जास्त मारू लागलो नाही. फक्त मोजू लागलो.

गीतेत पुढे असंही म्हटलंय, की पाच कारणं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. त्याचे गोल्फमध्ये दोन अर्थ. चांगला फटका गेला तर छाती फुगवू नका, त्यात उसळीचा वाटा असतो. आणि वाईट गेला तर कपाळ बडवू नका, त्यातही असतो. पण तो वाटा किती, हे कळायला उरलेल्या चार कारणांचा हिशेब खरा लागतो.

महिन्याभराचा कार्यक्रम

पहिला आठवडा : फक्त उभं राहणं आणि पकड. दोन काठ्या जमिनीवर रुळांसारख्या ठेवून रोज दहा मिनिटं.

दुसरा आठवडा : वाळूवरच्या वीस खुणा, 'एक-दोन-तीन-चार' म्हणत.

तिसरा : फुलपात्र. रोज पंधरा मिनिटं. शिवाय अंगणात वेजने हलका चेंडू बादलीत टाकायचा, पाच पावलांवरून, मग दहा.

चौथा : कोर्सवर एक फेरी, नऊ होलची चालेल. वही बरोबर. कितीही आकडा झाला तरी लिहायचा.

एका वेळी एकच गोष्ट सुधारायची. दोन धरल्यात तर दोन्ही जातील.

प्रश्नोत्तरं

*सर, माझं वय अडुसष्ट, कंबर दुखते. सुरुवात करावी का?*

आधी डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर पटर आणि जवळचे फटके यांपासून सुरुवात करा, त्यात कंबर फारशी वळत नाही. खेळण्याआधी दहा मिनिटं चाला, खांदे फिरवा. पूर्ण वळता येत नसेल तर क्लब मागे नेताना पुढच्या पायाची टाच थोडी उचलली तरी चालते. आणि आपल्याकडचं ऊन बघता सकाळी नऊनंतर हट्ट करू नका. पाणी बरोबर ठेवा. वीज कडाडली तर खेळ त्याच क्षणी बंद, झाडाखाली उभं राहायचं नाही.

*गोल्फ कोर्सला पाणी फार लागतं. आपल्या जिल्ह्यात मार्चनंतर पाड्यांवर हंडे घेऊन बायका चालतात. हा खेळ वाढावा असं तुम्हाला वाटतं का?*

चांगला प्रश्न. हिरवळीला पाणी लागतं, हे खरं आहे. पाड्यावर पाणी नसताना इथे नवा कोर्स व्हावा, असं मी म्हणणार नाही. मी वर्षातून चार-पाच वेळा कोर्सवर जातो. बाकी वर्षभर वाळू, सतरंजी आणि अंगण. आज सांगितलेल्यातलं बहुतेक सगळं त्यात बसतं.

*कंपनीच्या साहेबाबरोबर खेळताना त्याने चेंडू सरकवलेला दिसला, तर काय करायचं?*

(हशा) नियम सांगतो. चेंडू सरकवला तर एक फटका दंड, आणि तो परत जागी ठेवायचा. जागी न ठेवता खेळलं तर एकूण दोन. स्पर्धा असेल तर बोलावंच लागेल, कारण इतरांवर अन्याय होतो. मैत्रीचा खेळ असेल तर... मी भाऊंकडून जे शिकलो ते करा. तुमचा स्वतःचा आकडा अगदी खरा आणि मोठ्याने सांगा. "माझे सात, दंडाचा एक धरून." समोरच्याला ऐकू जातं. कधीकधी दोन महिने लागतात.

*भाऊ आता खेळतात का?*

गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालतात, खेळत नाहीत. मी खुणा करतो तेव्हा सुरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसतात आणि तिथून ओरडतात, "सर, रेघेच्या मागे!" उद्या सकाळी ओहोटी आहे. ज्यांना यायचंय त्यांनी या. क्लब माझ्याकडे दोन आहेत, रेघ प्रत्येकाने आपली ओढायची.